चिठ्ठी दिल्यानंतरचं काम: वस्तीवरच्या नव्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक

वस्तीवर फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्याला घराघरांत ज्या अडचणी दिसतात, त्यांतल्या फार थोड्या त्याला स्वतःला सोडवता येतात. थुंकीची तपासणी प्रयोगशाळेत होते, गोळ्या डॉक्टर लिहून देतात, अपंगत्वाचा दाखला सरकारी कार्यालयातून मिळतो, घरात मार खाणाऱ्या बाईला आसरा एखादी संस्था देते. माणूस त्या-त्या दारापर्यंत पोचावा, तिथे त्याचं काम व्हावं आणि घरी परतल्यावर उपचार चालू राहावेत, हे बघणं कार्यकर्त्याचं काम. नव्याने रुजू झालेले बहुतेक जण यातल्या पहिल्याच टप्प्यावर थांबतात. ‘दवाखान्यात जाऊन या’ म्हणतात, चिठ्ठी देतात, वहीत ‘संदर्भित’ लिहितात. तो माणूस गेला का, त्याला कोणी तपासलं का, औषध मिळालं का, हे मग कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून या लेखात चिठ्ठीच्या आधीची तयारी आणि चिठ्ठीनंतरचा पाठपुरावा यांवर जास्त भर दिला आहे.

या कामाला मोठी परंपरा आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, फारसं न शिकलेल्या स्त्रियांना आरोग्याचं काम शिकवलं. १९७८ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेतल्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेत अशा कार्यकर्त्यांची गरज जगापुढे मांडली. ब्राझीलने १९९० च्या दशकात कुटुंब-आरोग्य पथकांत त्यांना कायमची जागा दिली. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. या कामांचं बळ तीन गोष्टींत होतं: कार्यकर्त्याची घरं ठरलेली होती, त्या घरी परत जाणं ठरलेलं होतं, आणि अडलं तर पाठीशी उभं राहणारं कोणीतरी होतं. तुमच्या कामात यांतलं काही कमी असेल, तर सुरुवातीलाच पर्यवेक्षकाशी बोलून घ्या.

आधी घरयादी

तुमच्या वाट्याला किती माणसं आहेत, हे पहिल्यांदा नक्की करा. ब्राझीलमध्ये एका कार्यकर्त्याकडे जास्तीत जास्त ७५० माणसं दिली जात. भारतात आशा कार्यकर्तीसाठी साधारण १००० लोकसंख्या धरली आहे. याहून खूप जास्त घरं असतील तर सगळीकडे सारख्याच फेऱ्या मारायचा हट्ट धरू नका, कोणाच्या घरी जास्त वेळा जायचं ते ठरवा.

घरयादीत घराचा क्रमांक, राहणारी माणसं आणि वयं तर हवीतच. त्याबरोबर गरोदर स्त्री, पाच वर्षांखालची मुलं, रोजचं औषध घेणारे, अपंग व्यक्ती आणि एकटे राहणारे वृद्ध यांच्यापुढे वेगळी खूण करा. फोन नंबर लिहिताना ‘हा फोन कोणाकडे असतो’ हेही लिहा. सुनेचा म्हणून दिलेला नंबर सासऱ्यांच्या खिशात असतो, आणि तिच्या एचआयव्ही तपासणीचा निरोप त्यांच्या कानावर जातो. एकदा असं झालं की त्या घराचंच काय, सगळ्या आळीचं दार तुम्हाला बंद होतं. ‘या नंबरवर निरोप ठेवला तर चालेल का?’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारून उत्तर नोंदवा.

सेवांची वही

दुसरी वही सेवांची. ही वही कार्यालयातून तयार मिळाली, तरी स्वतः पुन्हा बनवा. छापील यादीत पत्ता आणि फोन असतो. माणसाला अडवणाऱ्या गोष्टी त्यात नसतात.

प्रत्येक सेवेला एक पान द्या. सेवा कोणाला मिळते, म्हणजे वय, उत्पन्न, रहिवास अशा अटी. पाटीवरची वेळ आणि खरोखर काम चालतं ती वेळ. अनेक ठिकाणी पाटीवर पाचपर्यंत लिहिलेलं असतं आणि केसपेपर बाराला बंद होतो. कोणत्या दिवशी कोण तज्ज्ञ बसतात. पहिल्यांदा कुठल्या खिडकीवर जायचं. मूळ कागद कोणते, झेरॉक्स कोणत्या, फोटो किती. पैसे लागतात का, आणि माफी मिळत असेल तर ती कोण देतं. पायऱ्या आहेत की उतार, चाकाची खुर्ची आत जाते का, स्वच्छतागृह आहे का. तिथे रुग्णाची भाषा बोलणारं कोणी आहे का. आणि अडलं तर नाव घेऊन फोन करता येईल असा एक माणूस. पानाच्या शेवटी ‘ही माहिती कधी पडताळली’ ती तारीख लिहा.

दर तीन महिन्यांनी सगळ्या पानांवरून फोन फिरवा. ज्या दोन-चार ठिकाणी सगळ्यात जास्त माणसं पाठवता, तिथे स्वतः जाऊन रांगेत उभे राहा. कुठे वेळ जातो, कुठे हिडीसफिडीस होते, कोणता शिपाई समजूतदार आहे, हे दारात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. जुनी माहिती देण्याचं नुकसान मोठं असतं. रोजंदारी बुडवून गेलेला माणूस बंद दार बघून परत येतो आणि पुढच्या वेळी तुमचं ऐकत नाही. त्यात त्याची चूक नसते.

घरी गेल्यावर

ओळख सांगा, कशासाठी आलात ते सांगा, आत येऊ का विचारा. काही लिहिण्याआधी परवानगी घ्या: ‘मी वहीत लिहून घेते, ही माहिती मी, माझ्या पर्यवेक्षक आणि तुम्हाला ज्या दवाखान्यात पाठवू तिथले लोक बघतील. आणखी कोणाला सांगायची वेळ आली तर आधी तुम्हाला विचारीन. एखाद्या प्रश्नाचं उत्तर नाही दिलंत तरी चालेल.’ मात्र जिवाला धोका दिसला किंवा लहान मुलाला इजा होत असेल, तर कळवावं लागेल, हेही सुरुवातीलाच सांगा. नंतर सांगितलं तर तो विश्वासघात वाटतो.

पहिल्या भेटीत सगळे प्रश्न उरकायची घाई नको. तब्येत, चालू औषधं, आणि त्यांना स्वतःला सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतोय, इतकं पुरे. औषधांबद्दल विचारताना ‘गोळ्या घेता ना?’ म्हणू नका, उत्तर ‘हो’च येतं. ‘सगळ्या गोळ्यांची पिशवी दाखवता का?’ म्हणा. पिशवीत तीच गोळी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने निघते, मुदत संपलेली निघते, आणि गेल्या महिन्याची पट्टी भरलेलीच निघते. तिथून खरं बोलणं सुरू होतं.

घरात अन्न कमी पडतंय का, हे चेहऱ्यावरून ताडू नका, थेट विचारा. दोन प्रश्न पुरतात. गेल्या वर्षभरात हातात पैसे येण्याआधीच घरातलं धान्य संपेल अशी काळजी वाटली का? आणि तसं खरंच झालं का? ‘कधीमधी’ असं उत्तर आलं तरी ती गरज म्हणून नोंदवा. लोक अशा वेळी कमी करूनच सांगतात.

मनाच्या त्रासासाठीही दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस किंवा आनंद वाटत नाही असं किती वेळा झालं? उदास, खचल्यासारखं, निराश किती वेळा वाटलं? ‘कधीच नाही’ला ०, ‘काही दिवस’ला १, ‘निम्म्याहून जास्त दिवस’ला २, ‘जवळजवळ रोज’ला ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त आली तर पुढच्या तपासणीला पाठवायचं. हा नैराश्याचा शिक्का नव्हे, पुढे विचारपूस हवी एवढाच त्याचा अर्थ. जीव द्यायचा विचार मनात येतो का, हे सरळ शब्दांत विचारायला कचरू नका. विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही; उलट कितीतरी जणांना कोणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं, तर त्या माणसाला एकटं सोडून निघू नका. तिथूनच पर्यवेक्षकाला फोन करा.

मारहाणीबद्दल विचारायचं ते फक्त एकांतात. नवरा, सासू, शेजारीण कोणीही ऐकण्याच्या अंतरावर नको, आणि दोन वर्षांहून मोठं मूलही नको, कारण मूल ऐकलेलं पुढे बोलतं. एकांत मिळत नसेल तर त्या दिवशी तो विषय काढू नका. घरात पत्रक ठेवू नका; मदत करणाऱ्या संस्थेचा नंबर तिच्याकडून पाठ करून घ्या, नाहीतर दुसऱ्याच नावाने फोनमध्ये लिहून द्या. ती घर सोडायला तयार नसेल तर आग्रह करू नका. घर सोडण्याच्या सुमारास धोका वाढतो, म्हणून कधी आणि कसं निघायचं हे तिचं तिने आणि या कामातल्या जाणत्या संस्थेने ठरवावं.

किती घाई आहे, ते ठरवा

गरज दिसली की पहिला प्रश्न: आत्ता, एक-दोन दिवसांत, की ठरलेल्या दिवशी?

आत्ता म्हणजे वाहन बोलावून लगेच. छातीत दाब किंवा कळ, धाप. चेहरा एका बाजूला वाकडा, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतं. इथे ‘शेवटचं ठीक कधी होते?’ याची वेळ कागदावर लिहून द्या, कारण पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. गरोदरपणी रक्तस्राव, फेफरं, जोरात डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी. नवजात बाळ दूध ओढत नाही, हलवल्याशिवाय हालचाल करत नाही, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, अंग तापलंय किंवा गार पडलंय. अशा वेळी चिठ्ठी नंतर लिहिता येते, आधी माणूस हलवा.

एक-दोन दिवसांत पाठवायच्यांत दोन आठवड्यांहून जुना खोकला येतो. खोकल्यातून रक्त पडत असेल तर त्याच दिवशी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण. सूज असेल, मूल खात नसेल किंवा मलूल असेल तर तेही ‘आत्ता’मध्ये. ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर मध्यम कुपोषण, त्यालाही आहाराच्या कार्यक्रमात नाव घालायचं. पट्टी डाव्या दंडाच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला असताना लावा. पट्टी आवळली की आकडा खोटा येतो आणि धडधाकट मूल कुपोषितांच्या यादीत जातं. श्वास मोजायचे ते पूर्ण एक मिनिट, मूल शांत असताना. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर पुन्हा एकदा मोजून खात्री करा आणि लगेच हलवा.

रक्तदाबात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून सांगतो. माणसाला पाच मिनिटं टेकून बसू द्या. पाठीला आधार, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नको. त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू झालेली नको, लघवी तुंबलेली नको. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. हात टेबलावर किंवा उशीवर, छातीच्या पातळीत. खाली लोंबता हात, लहान पडणारा पट्टा आणि मोजताना चाललेल्या गप्पा, तिन्हींमुळे आकडा वर जातो. मिनिटभराने दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. एकदा १४०/९० आलं म्हणून कोणी रक्तदाबाचा रुग्ण ठरत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून मग पाठवा. गरोदर स्त्रीत मात्र १४०/९० त्याच दिवशी दाखवायचं. कोणाचाही १८०/१२० च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, अशक्तपणा किंवा बेशुद्धीसारखं काही असेल तर ‘आत्ता’. तसं काही नसेल तर त्याच दिवशी पर्यवेक्षकाला कळवून तपासणी ठरवा.

चिठ्ठीच्या आधी अडथळा

‘उद्या जाल ना?’ या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात, ते तुमचा मान राखण्यासाठी. जाण्याचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहील असे प्रश्न विचारा.

‘आजी, उद्या कशानं जाणार?’
‘पोरगा सोडील की गाडीवर.’
‘तो कामावर कधी निघतो?’
‘सातला.’
‘दवाखाना नवाला उघडतो. मग दोन तास कुठं बसाल?’
‘… ते खरं. मग राहू दे, पुढच्या आठवड्यात बघू.’

नेमकं या ‘राहू दे’वर काम करायचं असतं. शेजारच्या कोणाचा फेरा त्या बाजूला आहे का, दुपारची वेळ मिळेल का, रुग्णवाहिनी किंवा प्रवासाची मदत मिळते का. अडथळे बहुतेक ओळखीचेच असतात: भाडं, बुडणारा रोज, मुलांना सांभाळणारं कोणी नसणं, कागद नसणं, मागच्या वेळी तिथे झालेला अपमान, आणि ‘मोठा आजार निघाला तर?’ ही भीती. भीती सगळ्यात उशिरा बोलली जाते. त्यासाठी वेळ ठेवा आणि खोटा दिलासा देऊ नका. ‘काही नाही निघणार’ असं म्हणू नका. ‘निघालंच तर पुढे काय करतात ते मला माहीत आहे, मी सोबत असेन’ म्हणा, आणि म्हटलंत तर सोबत असा.

कधीकधी माणूस नकोच म्हणतो. जाणता, समजून दिलेला नकार मान्य करा, कारण नोंदवा, धोक्याची लक्षणं कोणती आणि ती दिसली तर काय करायचं ते सांगा, पुन्हा कधी येणार तेही सांगा.

चिठ्ठी अशी लिहा

‘रुग्णास तपासून योग्य उपचार करावेत ही विनंती.’ अशा चिठ्ठीने समोरच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. ही बघा दुसरी:

‘स्त्री, वय ६२. मधुमेह आठ वर्षांपासून. तीन महिन्यांपासून गोळ्या बंद. कारण, दुकानातलं औषध परवडत नाही. उजव्या पायाच्या अंगठ्याला १० दिवसांपासून जखम, पाणी येतं, दुखत नाही. ताप नाही. रक्तदाब १५२/९० आणि १४८/८८. पायाची तपासणी आणि मोफत औषध योजनेत नाव घालणं, या दोन्हींसाठी पाठवत आहे. सोबत मुलगी. ऐकायला कमी येतं, डाव्या बाजूने बोलावं.’

वर तारीख-वेळ, खाली तुमचं नाव आणि फोन. खालचा भाग फाडून परत देता येईल असा ठेवा: ‘रुग्ण आला, तारीख, काय आढळलं, काय दिलं, पुन्हा कधी.’ एक प्रत तुमच्याकडे. मधुमेही पायाची न दुखणारी जखम साधी समजू नका. संवेदना गेल्यामुळे ती दुखत नाही, आणि अशाच जखमा चिघळतात. एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात, मारहाण हे शब्द उघड्या चिठ्ठीवर नकोत. ती चिठ्ठी वाटेत कोण वाचेल याची खात्री नसते. बंद पाकीट द्या किंवा थेट फोनवर सांगा.

ओळख करून देऊन सोपवा

चिठ्ठीबरोबर एक फोन केला, की काम होण्याची शक्यता खूप वाढते. रुग्णासमोर फोन लावा, त्याच्या संमतीने गरज सांगा, वेळ घ्या, आणि शक्य असेल तर फोन रुग्णाच्या हातात द्या. तिकडचं माणूस ‘या, मी आहे’ म्हणालं की अनोळखी इमारतीची भीती निम्मी होते.

पहिल्यांदा जाणारा, फार घाबरलेला, वाचता न येणारा किंवा आधी हाकलून दिलेला असेल, तर सोबत जा. तिथे त्याच्या वतीने सगळी उत्तरं तुम्ही देऊ नका. आत जाण्याआधी त्याला विचारायचे प्रश्न मिळून ठरवा, तीनपेक्षा जास्त नकोत. बाहेर आल्यावर ‘कळलं ना?’ विचारू नका. ‘घरी गेल्यावर ताईंना काय सांगाल, कोणती गोळी कधी घ्यायची ते?’ असं विचारा. सांगताना अडखळले तर समजावण्यात कमी पडलं, पुन्हा सांगा.

दाखले, योजना, अर्ज

सामाजिक मदतीत पात्रता असूनही माणसं अडकतात ती कागदांत. नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी, जन्मतारखेत फरक, वापर नसल्याने बंद पडलेलं बँक खातं, अंगठा दोन जागी हवा तिथे एकाच जागी, जोडपत्र राहिलेलं, मुदत उलटलेली. अर्ज भरायला बसण्याआधी सगळे कागद जमिनीवर मांडा आणि नाव-तारखा अक्षर-अक्षर ताडून बघा. फरक दिसला तर कोणता कागद आधी दुरुस्त करायचा ते ठरवा. बहुतेक वेळा बाकीचे ज्याच्या आधारावर काढले जातात, तो कागद.

अर्ज माणसाने स्वतः वाचून, किंवा त्याला मोठ्याने वाचून दाखवून, मगच सही घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोचेचा फोटो अर्जदाराच्या फोनमध्ये आणि क्रमांक तुमच्या वहीत. मूळ कागद स्वतःजवळ एक रात्रही ठेवू नका. अर्जासाठी पैसे हातात घेऊ नका, ‘साहेबांना द्यायचे आहेत’ म्हणून कोणी आग्रह केला तरी नाही. नकार आला तर तो लेखी मागा. लेखी नकारावर कारण असतं आणि अपिलाची मुदतही त्या तारखेपासून मोजली जाते. ‘तोंडी सांगितलं होत नाही म्हणून’ यावर कितीतरी हक्काच्या गोष्टी सोडून दिल्या जातात, आणि तसं होऊ देऊ नये.

मदत मिळेल असं वचन कधी देऊ नका. ‘अर्ज करू, या तारखेला चौकशी करू’ एवढंच तुमच्या हातात असतं.

पाठपुरावा

वहीत ‘संदर्भित’ या एका रकान्याऐवजी चार ठेवा: चिठ्ठी दिली, पोचले, सेवा मिळाली, चालू आहे. प्रत्येकात तारीख. चौथा रकाना भरेपर्यंत ते काम उघडंच धरायचं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मॅन्सफील्डमध्ये सुरू झालेली ‘पाथवे’ पद्धत याच नियमावर उभी आहे: गरज प्रत्यक्ष भागली हे पक्कं झालं, तरच काम पूर्ण.

तातडीने पाठवलेल्याची चौकशी त्याच संध्याकाळी. एक-दोन दिवसांत जायला सांगितलेल्याची तिसऱ्या दिवशी. ठरलेल्या भेटीची आदल्या दिवशी आठवण आणि दुसऱ्या दिवशी चौकशी. अर्जांची दर दोन आठवड्यांनी. फोन लागला नाही तर वेगवेगळ्या वेळी तीनदा प्रयत्न करा, त्यातला एक कामावरून घरी येण्याच्या वेळी, मग घरी जा, आणि तरीही गाठ पडली नाही तर पर्यवेक्षकाला कळवा.

‘पोचले’ आणि ‘सेवा मिळाली’ यांत गल्लत करू नका. माणूस जाऊन आला, पण यंत्र बंद होतं, औषध संपलं होतं, डॉक्टर रजेवर होते, असं सारखं होतं. तसं झालं तर रुग्णाला पुन्हा ढकलण्याआधी फोन करून पुढचा दिवस पक्का करा. एकाच ठिकाणी हे वारंवार घडत असेल तर तारखांसह पाच-सहा उदाहरणं पर्यवेक्षकाकडे लेखी द्या. एका तक्रारीवर कोणी हलत नाही, नोंदींवर हलतं.

लांब चालणाऱ्या उपचारांत खरी गळती मधल्या काळात होते. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा आहे, आणि खोकला, ताप पहिल्या काही आठवड्यांतच ओसरतो. बरं वाटलं की गोळ्या जड वाटू लागतात. शिवाय एका औषधाने लघवी नारिंगी होते, ते कोणी आधी सांगितलेलं नसतं, आणि माणूस घाबरून बंद करतो. सुरू करतानाच सांगा: लघवीचा रंग बदलला तर काळजी नाही; डोळे पिवळे झाले, सारखी उलटी झाली, अंधुक दिसू लागलं तर लगेच कळवा. गोळी चुकली तर रागावू नका. रागावलेल्या कार्यकर्त्याला पुढच्या वेळी खरं उत्तर मिळत नाही.

तुमच्या मर्यादा, तुमचे हक्क

रोगाचं निदान करणं, डॉक्टरने दिलेल्या गोळीची मात्रा बदलणं, स्वतःच्या खिशातून पैसे देणं, रुग्णाचं एटीएम कार्ड सांभाळणं ही कामं तुमची नाहीत. वही उघडी टाकू नका, रुग्णाच्या कागदांचे फोटो गटांवर पाठवू नका, एका घराचं दुसऱ्या घरी बोलू नका, अगदी चांगलं सांगायचं असलं तरी. निघण्याआधी कुठे जाताय आणि केव्हा परत येणार हे कोणाला तरी कळवून ठेवा. घरात दारू, शस्त्र, भांडण दिसलं तर भेट पुढे ढकला. ढकलण्याची परवानगी मागावी लागू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा कार्यकर्त्यांना कामाच्या मानाने योग्य मोबदला, लेखी करार आणि आधार देणारी देखरेख मिळावी असं स्पष्ट म्हटलं आहे. मोबदला केवळ किंवा मुख्यतः कामाच्या संख्येवर बेतू नये असंही त्यात आहे. संख्येवर पैसे मिळाले की चिठ्ठ्या वाढतात, चौथा रकाना रिकामा राहतो. हे मागताना संकोच बाळगू नका.

महिन्यातून एकदा पर्यवेक्षकाबरोबर बसताना पूर्ण झालेल्या कामांची यादी मागे ठेवा, अडलेली उघडी कामं पुढे घ्या: कुठल्या रकान्यात अडलं, किती दिवस झाले, पुढचं पाऊल कोणाचं. काम बंद करायचं तेव्हा कारण लिहा (गरज भागली, स्थलांतर, नकार, मृत्यू), आणि त्या घरी जाऊन सांगा की आता दर आठवड्याला येणं होणार नाही, पुन्हा लागलं तर या नंबरवर फोन करायचा. नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि तुमच्या समोर एकदा लावून बघायला सांगा.